समुद्राचें पाणी गोडें करण्यास शक्ति किती लागते?

गेल्या उन्हाळ्यांत पालकांच्या सभेस रावेर तालुक्यांतील एक केळी-बागाईतदार गृहस्थ आले होते. सभेचें काम आटोपल्यावर त्यांनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, "सर, समुद्राचें खारें पाणी गोडें करतां येतें, असें मुलगा वाचून दाखवितो. आपली तापीमाय सुरतेपुढें समुद्रालाच जाऊन मिळते. मग तेंच पाणी गोडें करून नळानें परत वर आणलें, तर आमच्या आटलेल्या विहिरींची चिंता कायमची मिटणार नाहीं का?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. "हिशेब करून सांगतों," एवढेंच आम्ही बोललों. पुढें तो हिशेब दहावीच्या वर्गांत फळ्यावर मांडला. त्यांत तीन तास गेले, आणि मुलांनीं आमच्या दोन चुकाहि काढल्या. तोच हिशेब सुधारून येथें देत आहों.

प्रथम मापें ठरवूं. विजेच्या बिलावर जें 'युनिट' छापलेलें असतें, तेंच आपलें शक्तीचें माप. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळला म्हणजे एक युनिट खर्च होतें. पाण्याचें माप एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. पंधरा लिटरांचे हंडे मोजले तर सदुसष्टांस थोडे कमी. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढे क्षार पाण्यापासून वेगळे करावयाचे, हेंच काय तें काम.

सर्वांस सुचणारी पहिली रीति म्हणजे पाणी उकळून वाफ करणें व ती वाफ थंड करून पुन्हां पाणी मिळविणें. वाफेबरोबर मीठ जात नाहीं, हें ॲरिस्टॉटलच्या काळींहि माहीत होतें. पण खर्च पाहा. २५ अंशांचें एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागते आणि मग त्याची वाफ करण्यास आणखी ५४० लागते. एकूण ६१५. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. यावरून १,००० लिटरांस सुमारें ७१५ युनिट उष्णता लागेल. घरच्या गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत सुमारें १८० युनिट उष्णता असते. म्हणजे एकहि कण वाया न जातां चार सिलिंडर, आणि चुलीवरून जी उष्णता हवेंत जाते ती धरली तर सहा. आईनें सहा सिलिंडर जाळून सदुसष्ट हंडे पाणी मिळविलें, तर घरांत काय बोलणें होईल तें विद्यार्थ्यांनींच मनांत आणावें.

येथें वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "पण मीठ वेगळें करण्यास खरोखर एवढी शक्ति लागतेच काय?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. उत्तर असें कीं, नाहीं. उकळण्यांत आपण मिठास हातच लावीत नाहीं. थोडें मीठ बाजूस सारण्याऐवजीं सर्वच्या सर्व पाणी उचलून दुसरीकडे नेतों. निसर्गाचा मूळ हिशेब याहून पुष्कळच कमी आहे. समुद्राचें पाणी व गोडें पाणी यांच्यामध्यें, फक्त पाण्यास वाट देणारा पडदा ठेवला, तर गोडें पाणी आपोआप खाऱ्याकडे ओढलें जातें. मनुका पाण्यांत टाकली कीं फुगते, तें याच कारणानें. ही ओढ थोपविण्यास समुद्राच्या पाण्यावर सुमारें २७ बार दाब द्यावा लागतो. मोटारसायकलीच्या चाकांत सुमारें दोन बार हवा असते, त्यावरून कल्पना येईल. या दाबाविरुद्ध एक घनमीटर पाणी ढकलण्यास सुमारें ०.७६ युनिट लागतें, आणि घेतलेल्या पाण्यापैकीं निम्मेंच गोडें करून काढावयाचें म्हटलें तर मागें राहणारें पाणी अधिकाधिक खारें होत गेल्यामुळें १.०६ युनिट. हा निसर्गानें ठरविलेला किमान दर होय. उद्यां कितीहि मोठा संशोधक जन्मास आला तरी यांत सूट मिळणार नाहीं. म्हणून जेव्हां कोणी 'जवळजवळ फुकट' गोडें पाणी देण्याची जाहिरात करतो, तेव्हां हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

तर एका टोकास ७१५ आणि दुसऱ्या टोकास सुमारें १. या दोहोंमधील वाट चालण्यांत सगळें शास्त्र खर्ची पडलें आहे.

आगबोटींवर खारें पाणी आटवून पिण्याचें पाणी करण्याची चाल फार जुनी. एडन बंदर मुंबई सरकारच्या अमलाखालीं असतांना तेथेंहि अशीं यंत्रें होतीं, कारण त्या खडकावर पाऊस क्वचित् पडतो. पुढें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, वाफ थंड होतांना आपली उष्णता परत देते. ती वाया कां दवडावी? त्याच उष्णतेनें पुढचें खारें पाणी तापवावें. शिवाय हवेचा दाब कमी केला तर पाणी शंभर अंशांच्या आधींच उकळतें. या दोन गोष्टी एकत्र करून ओळीनें पुष्कळ कोठड्या बांधतात. प्रत्येक कोठडींत मागच्यापेक्षां दाब कमी. तापलेलें पाणी एका कोठडींतून दुसरींत शिरतांच त्याचा कांहीं भाग एकदम वाफ होऊन उसळतो. ती वाफ वरच्या नळ्यांवर थंड होते, आणि नळ्यांतून येणारें समुद्राचें थंड पाणी तापत जातें. अशा रीतीनें एकच उष्णता आठ वेळां उपयोगांत आणली, तर वाफ करण्यासाठीं १,००० लिटरांस लागणारी उष्णता सुमारें ७८ युनिटांवर येते. पंपांस तीन-चार युनिट वीज वेगळी.

७८ ऐकून मुलांनीं नाकें मुरडलीं. पण येथें एक गोष्ट समजावून घेतली पाहिजे. उष्णतेचें युनिट आणि विजेचें युनिट यांची योग्यता सारखी नाहीं. विद्युत्केंद्रांत चक्र फिरवून थकलेल्या वाफेंत उष्णता पुष्कळ असते, पण तिच्यापासून वीज थोडीच निघते. तीच वाफ या कोठड्यांस दिली, तर आपण जी थोडी वीज गमावली तेवढाच खरा खर्च. असा हिशेब केल्यास या रीतीचा एकूण खर्च १३ ते २५ युनिट विजेच्या तोडीचा पडतो. ज्या अरबी देशांत तेल व नैसर्गिक वायु विपुल होता आणि विद्युत्केंद्रें समुद्रकांठींच होतीं, त्यांनीं हीच पद्धति कित्येक वर्षें चालविली. त्यांचें तें करणें मूर्खपणाचें नव्हतें. आपण तें उचललें असतें तर मात्र झालें असतें. हिचीच एक कमी तापमानाची बहीण आहे. तींत पाणी सुमारें ७० अंशांपर्यंतच तापवितात, आणि तिचा पंपांचा खर्च दीड ते अडीच युनिट इतका असतो. वाफेसच दाबून तापवून पुन्हां कामास लावण्याची तिसरी रीति ७ ते १२ युनिट वीज घेते; ती लहान कारखान्यांस सोयीची.

खरी क्रांति मात्र उष्णतेच्या वाटेनें आली नाहीं. ती आली वर सांगितलेल्या पडद्याच्या वाटेनें. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत सिडनी लोब व आपल्याच देशांत जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनीं सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा सिद्ध केला कीं, ज्याची एक बाजू अतिशय पातळ व घट्ट आणि बाकीचा भाग सच्छिद्र. तोंपर्यंतच्या पडद्यांतून पाणी थेंबाथेंबानें झिरपत असे. यांतून तें कामापुरतें वाहूं लागलें. आतां खाऱ्या पाण्यावर २७ बारांहून जास्त दाब दिला कीं मनुकेचा न्याय उलटा होतो: पाणी खाऱ्याकडून गोड्याकडे जातें, मीठ मागें राहतें. हल्लीं ज्यास घरोघर 'आर.ओ.' म्हणतात, तें हेंच.

कारखान्यांत हा दाब सुमारें ६० बार ठेवतात. ६०० मीटर उंच पाण्याचा खांब डोक्यावर उभा आहे असें समजा. शंभर लिटर खारें पाणी या दाबानें आंत सोडलें तर सुमारें ४५ लिटर गोडें निघतें व ५५ लिटर अधिक खारें होऊन बाहेर पडतें. म्हणजे एक घनमीटर गोड्या पाण्यासाठीं २.२ घनमीटर पाण्यावर दाब द्यावा लागतो, त्यास ३.७ युनिट, आणि पंपाची घट धरून सुमारें साडेचार.

येथेंच आमची पहिली चूक मुलांनीं पकडली. आम्हीं साडेचारांत पुढचा खर्च मिळविण्यास सुरुवात केली, तोंच मागच्या बांकावरून आवाज आला, "सर, त्या ५५ लिटरांचा दाब कोठें गेला?" बरोबर आहे. तें खारें पाणी बाहेर पडतांना जवळजवळ ६० बार दाबानेंच पडतें. पूर्वी तो दाब नुसता सोडून देत. आतां अशीं यंत्रें आहेत कीं, तें जाणारें पाणी येणाऱ्या पाण्यास आपला दाब देऊन मगच निघून जातें. चांगल्या यंत्रांत शंभरांपैकीं पंचाण्णवाहून अधिक शक्ति परत मिळते. यामुळें साडेचारांचे जेमतेम दोनच युनिट उरतात. समुद्रांतून पाणी ओढणें, गाळणें, शुद्ध करणें यांस एक-दीड युनिट लागतें. एकूण तीन ते चार. आम्ही पुढील सर्व हिशेबांत साडेतीन धरूं. सत्तरच्या दशकांत हेंच काम याच्या कित्येक पट वीज खात असे.

साडेतीन युनिटांत १,००० लिटर, म्हणजे एका हंड्यास दहा वॅटचा दिवा पांच तास जळेल इतकीच वीज. उकळण्याच्या रीतीनें त्याच हंड्यास पावणेअकरा युनिट. दोन्ही रीति शेजारीं शेजारीं पाहावयाच्या असतील तर तामिळनाडूंतील कल्पक्कम येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें उभारलेला प्रकल्प आहे; तेथें रोज ४५ लाख लिटर कोठड्यांच्या रीतीनें आणि १८ लाख लिटर पडद्याच्या रीतीनें करण्याची योजना केली आहे. चेन्नईजवळ मिंजूर येथें २०१० सालीं व नेम्मेली येथें २०१३ सालीं रोज दहा दहा कोटि लिटरांचे पडद्याचे कारखाने सुरू झाले. लक्षद्वीपांतील कवरत्ती बेटावर २००५ पासून एक निराळीच युक्ति योजिली आहे: वरचें कोमट पाणी कमी दाबाखालीं वाफ करावयाचें आणि सुमारें ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानें ती वाफ निववावयाची. पण त्यासाठीं किनाऱ्यालगत इतका खोल समुद्र लागतो. सर्वांस तें भाग्य नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. मुंबईसाठीं मनोरी येथें रोज २० कोटि लिटर, व पुढें ४० कोटि, पाणी गोडें करण्याची योजना २०२० सालीं जाहीर झाली आणि २०२१ सालीं तिच्या आराखड्यासाठीं महानगरपालिकेनें इस्राएलमधील एका कंपनीशीं करार केला. २० कोटि लिटर म्हणजे दोन लाख घनमीटर. साडेतीन युनिटांच्या दरानें रोज सात लाख युनिट. हा आंकडा डोळ्यांपुढें कसा आणावा? धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. सूर्य रात्रीं मावळतो, ढगहि येतात. म्हणून पूर्ण शक्तीच्या एक पंचमांश सरासरी धरली तर रोज सहा लाख युनिट. साक्रीच्या माळावरील तीं सारीं तावदानें मनोरीच्या पहिल्या टप्प्यास देखील थोडीं अपुरींच पडतील. आणि मुंबईस रोज लागणारें पाणी साडेतीनशें कोटि लिटरांच्या वर आहे. त्यांत हे २० कोटि म्हणजे वीस वांट्यांतील जेमतेम एक. तानसा वगैरे तलावांचें पुष्कळसें पाणी आपल्या उतारानें शहरांत येतें. त्यास वीज फार लागत नाहीं. तरीहि पाऊस लांबलेल्या वर्षीं समुद्र आटत नाहीं, हा मुंबईचा युक्तिवाद आम्हांस पोकळ वाटत नाहीं. मागें राहिलेलें अतिखारें पाणी खाडींत सोडल्यास मासळीचें काय होईल, ही कोळी लोकांची शंकाहि तितकीच खरी आहे.

हीच वीज कोळशाची असेल तर आणखी एक गंमत होते. दीपनगरच्या केंद्रास हतनूरचें पाणी लागतें. जुन्या औष्णिक केंद्रांनीं एका युनिटामागें साडेतीन लिटरांहून अधिक पाणी वापरूं नये, असा २०१५ चा केंद्र सरकारचा नियम आहे. म्हणजे साडेतीन युनिट वीज दीपनगरहून घेऊन मुंबईनें १,००० लिटर समुद्र गोडा केला, तर तापीचें सुमारें १२ लिटर पाणी खर्चून तो झाला, असें म्हणावें लागेल. बारा लिटर फार नाहींत. पण ते कोणाचे, हें विसरतां कामा नये.

आतां त्या बागाईतदार गृहस्थांचें उत्तर. सुरतेच्या किनाऱ्यापासून जळगांव सुमारें ३०० किलोमीटर दूर व सुमारें २१० मीटर उंच. नळांतील घर्षणासाठीं दर किलोमीटरास एक मीटर चढ धरला, तर पाणी जणूं ५०० मीटर उंच चढवावयाचें आहे. १०० मीटर चढविण्यास एक घनमीटरास ०.२७ युनिट, ५०० मीटरांस १.३६, पंपाची घट धरून १.८. (येथें आमची दुसरी चूक झाली, आम्हीं घर्षण धरलेंच नव्हतें.) गोडें करण्याचे ३.५ आणि वर आणण्याचे १.८ मिळून ५.३ युनिट. केळीच्या एका एकरास वर्षास दोन मीटर पाणी द्यावयाचें तर सुमारें ८,००० घनमीटर लागेल. त्यास ४२,००० युनिटांहून अधिक वीज. युनिटास ७ रुपये धरले तरी जवळजवळ तीन लाख रुपये, आणि हें केवळ विजेचें. कारखाना, नळ, पडदे यांचा खर्च निराळाच. ठिबकनें पाणी निम्म्यावर आणलें तरी दीड लाख.

याउलट १५० मीटर खोल कूपनलिकेंतून पाणी उपसण्यास, जुना पंप धरूनहि, सुमारें ०.८ युनिट पडतें. म्हणून सध्यां विहिरी खोल जात आहेत. कारण तें पाणी खारें करून गोडें करण्याची मेहनत निसर्गानें आधींच केलेली आहे. एका एकरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढें पाणी समुद्रावरून उचलण्यास सूर्यानें सुमारें एकोणीस लाख युनिट उष्णता वेंचलेली असते. तिचें बिल कोणासहि येत नाहीं. तें पाणी जेथें पडलें तेथेंच मुरवून धरलें नाहीं, तर तापी तें सुरतेस नेते, आणि मग ५.३ युनिटांचा भाव सुरू होतो. पिण्यापुरता मात्र हा भाव जड नाहीं: पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर धरले, तर एक सप्तमांश युनिटहि लागत नाहीं. समुद्राचें पाणी माणसास परवडतें, केळीस परवडत नाहीं, असें आम्हीं त्या गृहस्थांस कळविलें. त्यांनीं उलट निरोप धाडला कीं, "मग नाल्यावरच्या बंधाऱ्याचा गाळ यंदा काढतों."

आपल्या पूर्वजांस युनिट ठाऊक नव्हतें, पण उतार ठाऊक होता. पांझरेच्या कांठची फड पद्धति याची साक्ष आहे; नदीवर बंधारा, बाजूस पाट, आणि पाणी आपल्याच वजनानें शेतांत. पुढें थोर झालेले विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत लागून धुळ्यासच आले होते, आणि साक्रीकडे दातर्ती येथें प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे नेण्याचें काम त्यांनीं केलें. त्या नळासहि पंप नव्हता.

खारें पाणी आपल्या दारापाशीं नाहीं असें मात्र नाहीं. पूर्णा नदी चांगदेव येथें तापीस मिळते. तिच्या खोऱ्यांत अकोला-बुलढाण्याकडे खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींच्या पाण्यांत लिटरास दोन-तीन ग्रॅम क्षार असले, तर ओढ समुद्राच्या बाराव्या हिश्शाइतकीच. एक युनिटाच्या आंतबाहेर १,००० लिटर गोडें होतें. अशा मचूळ पाण्यास विजेच्या भारानें क्षार खेंचून काढण्याची रीतिहि आहे. तींत खर्च क्षारांच्या प्रमाणांत होत असल्यानें ती समुद्रास महाग आणि विहिरीस स्वस्त पडते. अडचण एवढीच कीं, गाळून उरलेलें खारें पाणी टाकण्यास जवळ समुद्र नसतो; तें पुन्हां जमिनींत मुरलें तर पुढच्या पिढीची विहीर अधिक खारी होते.

घरच्या आर.ओ. यंत्राविषयीं पालकांस एक सूचना करतों. तें यंत्र एक लिटर देतांना बहुधा दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. भारतीय मानकाप्रमाणें लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलें पाणी उत्तम समजतात. आपल्या नळाचें पाणी आधीं तपासून घ्यावें. तें या मर्यादेच्या आंत असेल तर क्षार काढण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं, साधी गाळणी व उकळणें पुरे. मोरींत जाणारें पाणी निदान बादलींत धरून भांडीं-फरशीस वापरावें.

ज्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष प्रयोग करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं आम्हीं शाळेच्या गच्चीवर केलेली पेटी सांगतों. एक मीटर लांब-रुंद, उथळ लांकडी पेटी, आंत पत्रा, त्यास काळा रंग; वर तिरपी काच, काचेच्या खालच्या कडेस पत्र्याची पन्हळ, पन्हळीच्या तोंडाशीं बाटली. फटी चिकणमातीनें लिंपून घ्याव्या. पांच लिटर पाण्यांत १७५ ग्रॅम मीठ विरघळवून सकाळीं सातास ओतलें. मे महिन्यांतील ऊन या पेटीवर दिवसभरांत सुमारें सात युनिट पडतें. सर्व कामीं आलें असतें तर दहा लिटर निघाले असते. संध्याकाळीं बाटल्यांत साडेतीन लिटर निघालें, आणि त्यास खारटपणाचा लेशहि नव्हता. दुसऱ्या पेटींतील पाणी मात्र पुरतें आटेपर्यंत आम्हीं तसेंच ठेवलें. मीठ काळ्या रंगांत घट्ट बसलें आणि खरवडतांना रंगहि निघाला. म्हणून तळाशीं थोडें पाणी असतांनाच पेटी धुवावी.